शेजारचा मुलगा मॉर्मन मिशनवर गेलाय, त्याचे मेल वाचून जीव वरखाली होतो. काय लिहू त्याला?

मीनल_लीहाय

नमस्कार मंडळी, विषय थोडा वेगळा आहे, बरोबर ठिकाणी टाकलाय की नाही ठाऊक नाही, पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहात म्हणून विचारतेय.

आम्ही यूटात लीहायला राहतो, सॉल्ट लेक आणि प्रोवोच्या मधे. शेजारचं कुटुंब मॉर्मन, म्हणजे एका ख्रिश्चन पंथाचं (त्यांच्या चर्चला हे नाव आता आवडत नाही, २०१८ पासून पूर्ण लांबलचक नावच घ्या असा आग्रह आहे, पण सगळ्यांना कळावं म्हणून असंच लिहितेय). त्यांचा थोरला, त्याला आपण टी म्हणू, माझ्या लेकाबरोबरच वाढला, आमच्याकडे पोहे खायला हक्काने यायचा आणि हिवाळ्यात न सांगता आमच्या दारातला बर्फ काढून जायचा. हायस्कूल संपलं आणि अठराव्या वर्षी त्याने मिशनचा, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचाराला जाण्याचा, अर्ज भरला. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नसतं, चर्च ठरवतं. पूर्वी मोठं पांढरं पाकीट पोस्टाने यायचं म्हणे, आता ऑनलाइन कळतं, पण सोहळा तोच. आम्हालाही बोलावलेलं, हॉलमध्ये तीसेक माणसं, आजीआजोबा व्हिडिओ कॉलवर, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यावर प्रत्येकाने आपापला अंदाज चिकटवलेला. फिलिपिन्स निघालं, भाषा सेबुआनो. पोरगं सोफ्यावरून उडी मारून आईच्या गळ्यात पडलं.

मग थोडं ट्रेनिंग घरूनच झूमवर, मग प्रोवोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये भाषा, आणि मग थेट फिलिपिन्सचं मिंदानाओ बेट. आठवड्यात एक दिवस त्यांना मोकळा असतो, पी-डे म्हणतात, याचा सोमवारी असतो. त्या दिवशी कपडे धुणं, बाजार, घरी फोन आणि सगळ्यांना मिळून एक मेल. मी त्या यादीत आहे. सुरुवातीचे मेल म्हणजे नुसता जल्लोष, प्रत्येक वाक्याला तीन उद्गारचिन्हं. बादलीत पाणी भरून टमरेलने आंघोळ करतो याचं त्याला एवढं अप्रूप की मी हसून लिहिलं, बाळा आम्ही जन्मभर तेच केलंय. रात्री दोनला कोंबडे आरवतात, भात तिन्ही त्रिकाळ, समुद्र डोळ्यासमोर आहे पण मिशनरींना पोहायची परवानगी नाही, असं सगळं.

मग मेल तीन ओळींचे यायला लागले. दिवसभर चाललो, कुणी बोललं नाही, मी ठीक आहे. मग एकदम एक लांबच्या लांब मेल की एक अख्खं कुटुंब बाप्तिस्मा घ्यायला तयार झालंय, आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. दोन आठवड्यांनी कळलं की त्या घरातल्या बाबांनी दार उघडणंच बंद केलं, आत टीव्हीचा आवाज येतोय आणि हे बाहेर उभे. आणि परवा त्याने यादीला नाही तर फक्त मला लिहिलं, की मी इथे कुणाच्याच उपयोगाचा नाही असं वाटतं, आईला सांगू नका, तिने सगळ्यांना माझं किती कौतुक सांगितलंय.

आता सांगा मी काय करू? आईला सांगू? त्याला काय लिहू? धर्माचं मला काही कळत नाही आणि त्यात पडायचंही नाही, पण पोरगं माझ्या डोळ्यासमोर मोठं झालंय हो.

सुहास_एसएलसी

मीनलताई, मी इकडे बरीच वर्षं आहे, ऑफिसात अर्धी टीम मिशन करून आलेली, लंचला हेच किस्से चालतात. त्यामुळे आतलं थोडं सांगतो म्हणजे तो कुठल्या चरकात आहे ते कळेल.

मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. २०१२ मध्ये वयाची अट खाली आणली, मुलांची १९ वरून १८ आणि मुलींची २१ वरून १९ (२०२५ मध्ये त्यांचीही १८ केली), त्यामुळे आता बरीच पोरं थेट आईच्या हातच्या डब्यावरून उठून जातात, मधे कॉलेजचं वर्ष नाही, घराबाहेर राहायची सवय नाही. पगार शून्य, उलट अमेरिकेतल्या घरांनी महिन्याला ५०० डॉलर भरायचे (२०२० च्या आधी ४०० होते). सकाळी साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं, मधे व्यायाम, वाचन, आणि मग बाहेर. सिनेमा नाही, डेटिंग नाही, पहिलं नाव पण नाही, छातीवरच्या काळ्या पाटीवर एल्डर आणि आडनाव, मुलींना सिस्टर. आपला पोरगा चिन्मय असेल तर दोन वर्षं त्याला कुणी चिन्मय म्हणणार नाही असं समजा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कंपॅनियन. चोवीस तास एकाच माणसाबरोबर राहायचं, तो दिसला पाहिजे आणि त्याचा आवाज आला पाहिजे एवढ्या अंतरात, फक्त बाथरूमपुरती सुटका. कंपॅनियन आपण निवडायचा नाही. साधारण सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते तेव्हा बदलला तर बदलला. आमच्यातला एक जण सांगतो की माणूस एकटा कधीच नसतो आणि एकटेपणा मात्र जाता जात नाही. जोडी जमली तर ती दोस्ती जन्माची, त्याच्या लग्नात आलेला बेस्ट मॅन मिशनवरचाच होता. नाही जमली तर सहा आठवडे म्हणजे सहा महिने.

यावर आकड्यांचं ओझं. किती लोकांना शिकवलं, किती जण रविवारी चर्चला आले, कितींची बाप्तिस्म्याची तारीख ठरली, हे दर आठवड्याला वर कळवायचं. अधिकृत सूचना अशी की आकड्यांवरून स्वतःची किंमत करू नका, पण अठरा वर्षांच्या पोराला हे सांगून काय होतं? सेल्समध्ये ज्यांनी टार्गेट घेतलंय त्यांना विचारा. (या पोरांना मिशनवरून आल्यावर घरोघरी जाऊन पेस्ट कंट्रोल आणि अलार्म विकणाऱ्या कंपन्या टपून उचलतात, ते उगाच नाही. नकार पचवायचं ट्रेनिंग आयतं झालेलं असतं.)

आईला सांगायचं का ते मला नाही सांगता येणार. इथल्या आयांवरही दडपण असतं एवढं मात्र खरं. फेअरवेलला पोरगा चर्चमध्ये भाषण करतो, सगळी वस्ती येते, आणि मग तो लवकर परत आला तर किराणा दुकानात प्रत्येक जण विचारतो.

खवचट_ठाणेकर

माफ करा पण मला यात दया येण्यासारखं काही दिसत नाही. पाचशे डॉलर भरून गरीब देशात जायचं, लोकांचा धर्म बदलायला बघायचं आणि त्यांनी दार लावलं की रडायचं? त्या फिलिपिनो बापाने दार लावलं ते बरोबरच केलं. तो आधीच ख्रिश्चन असणार. त्याच्या घरात शिरायचं कारण काय?

लीड्सचा_बंड्या

ठाणेकर, तुमचा मुद्दा आहे, खोटं नाही बोलत. बापाला दार लावायचा पूर्ण हक्क आहे. पण मीनलताईंनी त्या पोराचा धर्म पटला का असं विचारलंच नाहीये, त्याचं काय करायचं ते विचारलंय, आणि अठराव्या वर्षी आपण तरी काय स्वतःच्या डोक्याने चालत होतो, घरचे म्हणाले इंजिनिअरिंग तर इंजिनिअरिंग.

माझा किस्सा सांगतो. लीड्सला मास्टर्स करत होतो, नोव्हेंबर, पाऊस आडवा येतोय, आणि दारात दोन पोरं, पांढरे शर्ट भिजून अंगाला चिकटलेले. मी म्हटलं मला धर्मात इंटरेस्ट नाही पण आत या, चहा टाकतो. तर चहा चालत नाही! कॉफीपण नाही. घरी आलेल्या माणसाला चहा द्यायचा नाही म्हणजे आपल्याला सुचेना, शेवटी गरम पाण्यात लिंबू, मध आणि आलं घालून दिलं. त्यातला एक जण कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता बसून राहिला. दुसरा बोलत होता, पुस्तक काढत होता, याचं लक्ष नाही. मग मला विचारतो, तुमच्याकडे काही काम आहे का, म्हणजे काहीही, सामान हलवायचं वगैरे. मला खरंच बेड वरच्या मजल्यावर न्यायचा होता. तिघांनी मिळून नेला, जिन्याच्या वळणावर अडकला, उलटा केला, सुलटा केला, आणि तो आधीचा गप्प पोरगा इतका हसायला लागला की त्याला बेड सोडून पायरीवर बसावं लागलं. जाताना म्हणाला, गेल्या तीन आठवड्यांत आम्हाला कुणी घरात घेतलं नव्हतं.

त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी यायचे. मी काही बाटलो नाही (आईला घाम फुटलेला फोनवर). पण मला तेव्हा कळलं की त्या पोरांना दिवसाकाठी कुणाला तरी आपला काहीतरी उपयोग झाला एवढं हवं असतं. टीने जे लिहिलंय ना, कुणाच्याच उपयोगाचा नाही, ते तिथूनच येतं.

गौरी_एच

मी बोलू का, माझा नवराच मिशन केलेला आहे. मी नाशिकची, तो आयडाहोचा, आता चर्चला फारसा जात नाही पण मिशनबद्दल वाईट शब्द ऐकून घेत नाही, आणि चांगलंही सगळं मान्य करत नाही, असा माणूस. त्याला हा धागा वाचून दाखवला, मग रात्री बाराला आमच्या किचनमध्ये अक्षरशः कीर्तन झालं, त्यातलं लिहिते.

तो फिनलंडला होता, अट १९ ची होती त्या काळात. फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या. तो म्हणतो की पहिले काही महिने मी चार वर्षांच्या मुलाच्या अकलेने देवाबद्दल बोलत होतो. औलू नावाच्या गावात डिसेंबरात दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो, म्हणजे घरातून निघताना अंधार आणि दुसरं दार वाजवेपर्यंत परत अंधार. आणि फिनिश लोक भांडत पण नाहीत, शांतपणे नाही म्हणतात आणि दार हळूच लावतात. त्याला वाटायचं कुणीतरी शिवी तरी द्या.

तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमस आणि मदर्स डे. दर आठवड्याला फोन करायची मुभा २०१९ च्या फेब्रुवारीत आली. बाकी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर मेल, घड्याळ लावून. तिथेच त्याला गावाकडच्या मैत्रिणीचा मेल आला की तिचं लग्न ठरलंय. हे इतकं नेहमीचं आहे की मिशनरी त्याला डियर जॉन म्हणतात आणि त्यावर विनोद करतात. त्या वेळचा कंपॅनियन टोंगा देशाचा, दोघांचं भांडण चालू, कामापुरतंच बोलणं. हा घरी आला आणि बूट पण न काढता जमिनीवर बसला. त्या टोंगाच्या पोराने काही विचारलं नाही, सांगितलं नाही, फ्रीझरमधला पिझ्झा ओव्हनमध्ये टाकला, अर्धा याच्यासमोर ठेवला आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसून खाल्ला. माझा नवरा हे सांगताना आजही थांबतो मधेच. प्रवचनं विसरला, तो पिझ्झा विसरला नाही.

आणि आनंद कसला, तर एक म्हातारी होती, तिची लाकडं रचून द्यायला जायचे. तिला धर्माबद्दल बोललेलं अजिबात चालायचं नाही पण याचं व्याकरण दुरुस्त करायची, खिडकीतून ओरडून. एक दिवस हा अर्धा तास बोलला आणि तिने एकदाही टोकलं नाही. तो म्हणतो की रस्त्याने नाचत घरी गेलो. अख्ख्या मिशनमध्ये एका माणसाचा बाप्तिस्मा, एक विद्यार्थी होता, त्याचं अजून ख्रिसमसला कार्ड येतं. त्याच्याच वेळेला त्याचा चुलतभाऊ ब्राझीलमध्ये होता, तिथे चर्च जोरात वाढत होतं, तो घरी डझनांनी सांगायचा. दोघे परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर कुणाला जास्त विचारलं असेल ते तुम्हीच ओळखा.

मीनलताई, तुमच्यासाठी त्याने सांगितलेलं: त्याला कामाबद्दल काही विचारू नका. किती लोक भेटले, कसं चाललंय, काही नको. घरच्या फालतू बातम्या लिहा. तुमच्या मुलाने गाडी कुठे ठोकली, रस्त्याचं काम अजून चालू आहे, कुत्र्याने काय खाल्लं. घरच्यांच्या पत्रात सगळे प्रोत्साहनच देतात, ते वाचून उलट वाटतं की आपण त्या पत्रातल्या पोरासारखे नाही.

डॉ_रेवा

मी पुण्यात समुपदेशन करते, परदेशात शिकायला गेलेल्या मुलांबरोबर जास्त काम आहे. मिशनरी मुलं थेट पाहिलेली नाहीत, पण टीचं वाक्य गंभीरपणे घ्यावं असं वाटतं म्हणून लिहितेय.

घरची आठवण, थकवा, हिरमोड हे वेगळं आणि नैराश्य वेगळं. आठवण येणाऱ्या मुलाला एखादा चांगला दिवस मिळाला की तो वर येतो. तुम्ही सांगितलं तसे चढउतार होते तोवर मला एवढी काळजी नसती. आता विचारायचं ते हे की झोप लागते का, खातो का, पूर्वी ज्याने मजा यायची त्याने अजून येते का. आणि एक प्रश्न सरळ विचारा, आडून नाही: स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट विचारणारा भेटला की माणूस बोलतो. उत्तर हो आलं किंवा गोलमोल आलं तर आईला सांगू नका हे वचन तिथेच संपलं, त्याच क्षणी तिला फोन करायचा, ती मिशन प्रेसिडेंटला, म्हणजे त्याच्या तिथल्या प्रमुखाला, फोन करेल. नाही आलं तर त्याला थोडा वेळ द्या पण हे स्पष्ट सांगा की पुढच्या सोमवारी तू आईला स्वतः सांग, नाहीतर मला सांगावं लागेल. गुपित सांभाळायचं ओझं तुमच्यावर नको आणि त्याच्यावर पण नको.

अजून एक, धार्मिक वातावरणातल्या मुलांमध्ये हे दिसतं. नियम तंतोतंत पाळले की यश मिळतं असं सतत कानावर पडलं की मूल उलटा हिशोब करतं: यश नाही मिळालं म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. मग सकाळी पाच मिनिटं उशिरा उठलो, मनात वाईट विचार आला, म्हणून ते कुटुंब गेलं. पुन्हा पुन्हा कबुली देणं, तासन् तास प्रार्थना आणि तरी समाधान नाही, हे ओसीडीचं (तेच ते विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) एक रूप असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जास्त भक्ती हा त्यावरचा इलाज नाही. टीच्या मेलमध्ये असं काही आहे का ते बघा.

चर्चला हे माहीत नाही असं नाही. मिशनरींच्या ताणावर त्यांनी २०१३ मध्ये एक पुस्तिका काढली, त्यात ताणाचे चार रंग आहेत, हिरवा, पिवळा, केशरी, लाल, आणि कोणत्या रंगाला काय करायचं ते लिहिलंय, लाल असेल तर वरिष्ठांशी बोला असं स्पष्ट आहे. टीकडे ती असणारच. त्याला विचारा, आज कुठला रंग? मुलांना सगळं वर्णन करण्यापेक्षा रंग सांगणं सोपं जातं.

खवचट_ठाणेकर

डॉक्टर, हे चांगलं लिहिलंत. माझं मत बदललं नाही पण पोराला मदत मिळाली पाहिजे हे मान्य. एक शंका, नको वाटत असेल तर सरळ परत का येत नाहीत? पासपोर्ट त्यांच्याकडेच असेल ना.

सुहास_एसएलसी

ठाणेकर, कायद्याने कुणी अडवत नाही, येतातही बरेच. पण मुलांसाठी मिशन हे कर्तव्य मानलंय (मुलींना ऐच्छिक), लहानपणापासून गाण्यात तेच, गल्ल्यात पैसे साठवायचे ते पण मिशनसाठी. लग्नाच्या बाजारात मिशन पूर्ण केलेला मुलगा ही डिग्री आहे. चांगला परत आला तर सॉल्ट लेकच्या एअरपोर्टवर फुगे, बॅनर, पन्नास नातेवाईक. लवकर आला तर आईबाप दोघंच आणि सगळे हळू आवाजात. आमच्या टीममधला एक असा परत आला होता, तब्येतीमुळे, डॉक्टरांनीच पाठवलं, तरी लोकांना पहिलं वाक्य हेच सांगायचा की डॉक्टरांनी पाठवलं. दहा वर्षांनी पण.

हल्ली फरक पडतोय. सर्व्हिस मिशन म्हणून प्रकार आहे, घरी राहून फूड बँक, दवाखाना वगैरे ठिकाणी काम करायचं, बाहेरून लवकर आलेल्यांना उरलेला काळ तो करता येतो आणि तो पण मिशनच धरतात. लोकांच्या नजरेत अजून तेवढा भाव नाही, पण आईच्या कानावर हा पर्याय असू द्या.

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण पुणेकरांना मजा वाटेल. हे मिशनरी पुण्यात १८५० च्या दशकातच येऊन गेलेत. ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश १८५२ मध्ये मुंबईत उतरला, तिथे वर्तमानपत्रांनी आणि बाकीच्या पाद्र्यांनी झोडपला, मग पुण्याला आला. रोख मुख्यतः छावणीतल्या गोऱ्या सैनिकांवर, आणि लष्करी अधिकाऱ्यांना तो नको होता. मूठभर लोकांची एक शाखा जमली, पण टिकली नाही. १८५३ च्या एप्रिलमध्ये यूटातून आणखी तेरा जण मॉन्सून नावाच्या जहाजाने कलकत्त्याला आले, खिशात पैसे न घेता, लोकांच्या भरवशावर. नेमकं १८५२ मध्येच चर्चने बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर केलेलं, ती बातमी यांच्यासोबतच पोचलेली, त्यामुळे गोऱ्यांची दारं आधीच बंद. थोड्याच वर्षांत सगळे परतले. घरून पत्र यायला महिनोन् महिने, तोवर बायको आजारी आहे की बरी, मूल जगलं की नाही, काही कळायचं नाही. ते लोक मात्र अठराचे नव्हते, बरेचसे संसारी होते.

मीनल_लीहाय

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला उशीर झाला कारण मधे दोन सोमवार गेले.

रेवाताईंनी सांगितलं तसं सरळ विचारलं. हात थरथरत होते पाठवताना. त्याचं उत्तर आलं की नाही, तसं काही मनात नाही, पण रंग केशरी आणि कधीकधी लाल. आधी ताप येऊन गेला होता तो त्याने कुणाला सांगितलाच नव्हता, अंगात ताकद नसताना उन्हात फिरत होता. आणि कंपॅनियन सकाळी अंथरुणातून उठायचाच नाही, म्हणजे तो पण बिचारा त्याच अवस्थेत, आणि एकटं बाहेर जायचं नाही म्हणून हा खोलीत बसून. आणि रेवाताई, तुम्ही म्हणालात तेच, त्याने लिहिलंय की ते कुटुंब गेलं कारण मी एका पी-डेला चोरून घरचे जुने व्हिडिओ बघत बसलो. वाचून पोटात कालवलं.

सोमवारी आईला त्याने स्वतः सांगितलं. ती माझ्याकडे आली आणि आधी माझ्यावर थोडी चिडली, मला आधी का नाही कळवलंस म्हणून. चिडू दे. मग बसली, रडली, म्हणाली माझ्या आईने मला हेच शिकवलं की पोरांना पाठवताना रडायचं नाही. मिशनकडून डॉक्टर आणि समुपदेशक दोघांशी बोलणं झालंय, समुपदेशकाशी आता दर आठवड्याला व्हिडिओवर. त्याचा कंपॅनियन घरी गेला, नवा फिलिपिनोच आहे, तो याला बाजारात घेऊन जातो आणि भाव करायला लावतो. परत यायचं की राहायचं हे अजून ठरलेलं नाही, त्याच्या आईने सांगितलंय की दोन्ही चालेल, वडिलांना अजून जड जातंय.

गौरी, तुझ्या नवऱ्याला सांग की मी कुत्र्याने खाल्लेल्या मोज्यावर दीड पान लिहिलं आणि पहिल्यांदा पूर्वीसारखी तीन उद्गारचिन्हं आली.

एक विचारायचं राहिलं. तो आला, लवकर किंवा वेळेवर, तर तेव्हा काय? सगळं मार्गी लागतं का?

गौरी_एच

नाही हो ताई, तो वेगळाच अध्याय. नवरा म्हणतो की जाण्याची तयारी सगळे करून घेतात, येण्याची कुणी नाही. आल्यावर चर्चचे स्थानिक वरिष्ठ भेटून मिशन संपलं असं सांगतात आणि छातीवरची पाटी काढायची. याने काढली आणि गाडीत बसल्यावर हात दहादा तिथे जात होता. रात्री एकट्याला खोलीत झोप लागेना, दोन वर्षं शेजारी कुणीतरी घोरत होतं. दुकानात एकटा गेला तर काहीतरी नियम मोडल्यासारखं वाटायचं. सकाळी साडेसहाला टक्क जागा आणि करायला काही नाही. काल परदेशात लोकांच्या मरणाबिरणावर बोलत होता, त्यांचे संसार सावरत होता, आणि आज वडील म्हणतात गवत काप. आणि आठवड्याभरात नातेवाईक सुरू, आता लग्न कधी?

इंग्रजी पण अडखळायची म्हणे, मधेच फिनिश शब्द. त्याला सगळ्यात बरं वाटलं ते फिनिश बोलणारी एक म्हातारी शेजारच्या गावात सापडली तेव्हा, तिच्याकडे जाऊन नुसता बसायचा. तुमच्याकडे यूटात फिलिपिनो लोक आहेतच, एखादं सेबुआनो बोलणारं घर आत्तापासून शोधून ठेवा. लवकर आला तर याची गरज जास्त, कारण तेव्हा गोष्टी ऐकायला कुणी बसत नाही, सगळे विषय बदलतात.

आणि त्याच्या आईला सांगा, त्याची खोली धाकट्याला दिली असेल तर फोनवर आधीच सांगून टाका. आमच्याकडे ते एअरपोर्टवरून घरी आल्यावर कळलं, दोघं भाऊ वर्षभर धड बोलत नव्हते.